डबलशीटचं इंजिन

"साहेब, वहिनींचं वजन किती हो?"

दस्तगीर मिस्त्रीने हे विचारलं तेव्हा त्याच्या एका हातात रिकामं पोतं होतं आणि दुसऱ्या हातात सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. तो माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटकडे बघत होता. प्रश्न अगदी कामापुरता होता, पण मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पाटण, फलटण, वडूज आणि शेवटी वाई. जिथे बदली झाली तिथल्या बाजारात मी शिरलो की तराजूची पारडी आपोआप सरळ व्हायची, निदान मला तरी तसं वाटायचं. शालन अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या दोन्ही बॅगा मी घरी चार-चार वेळा तोलल्या होत्या. एक बावीस किलो आठशे, दुसरी बावीस किलो नऊशे. लोणचं किती, मेतकूट किती, सुनेसाठी केलेले डिंकाचे लाडू किती, सगळं मला पाठ होतं. बायकोचं वजन तेवढं ठाऊक नव्हतं.

"असेल साठेक," मी म्हणालो.

"साठेक न्हाई चालायचं. नेमकं सांगा. सगळ्या बाजाराला नेमकं बोलायला तुमीच लावलंय."

त्याचं बरोबर होतं. मी घरी गेलो आणि कपाटातून विम्याच्या अर्जाची प्रत काढली. परदेशी जाताना डॉक्टरांनी तपासून सांगितलेले आकडे मी माझ्याच हाताने त्यात भरले होते. उंची पाच फूट एक इंच. वजन अठ्ठावन्न किलो. आम्ही पोत्यात नदीची वाळू भरली आणि शेजारच्या आडत दुकानातल्या काट्यावर ठेवली. त्या काट्यावर माझ्याच वेळचा शिक्का होता. अठ्ठावन्नला काटा स्थिर झाला, दस्तगीरने पोत्याचं तोंड शिवलं आणि ते माझ्या मागच्या सीटवर बांधलं.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि ही गाडी मी निवृत्तीनंतरच घेतलेली, कुणाची तरी वापरलेली. लांबलचक, बसकी, हँडल छातीपर्यंत आलेलं, पाय पुढे टाकून चालवायची क्रूझर. आळीतल्या लोकांनी माझी भरपूर चेष्टा केली. पिसाळसाहेबांना म्हातारपणी मिशा फुटल्या, असं कुणीतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. मी कुणाला खुलासा केला नाही. खरं कारण एवढंच होतं, की शालनचे गुडघे दुखायचे आणि साध्या मोटारसायकलच्या सीटवर तिला चढवत नसे. या गाडीवर तिला चढावं लागतच नव्हतं, खुर्चीत बसल्यासारखी ती टेकायची.

दर शनिवारी चार वाजता आम्ही पसरणीचा घाट चढून वर जायचो. ती एका अंगाला बसायची, उजवा हात माझ्या खांद्यावर. घाटात गाडीला धाप लागली की ती पुढे झुकायची, जणू काही तिच्या झुकण्याने इंजिनाला हातभार लागत होता. वर कठड्यावर बसून तिने आणलेले भाजके शेंगदाणे खायचे, खाली वाई बघायची आणि उजेड असेपर्यंत परत यायचं. बोलायचो फारसं नाही. तशी सवयच नव्हती आम्हाला.

नोव्हेंबरात ती सहा महिन्यांसाठी आमच्या मुलाकडे, अजितकडे गेली, टेक्सासला. डिसेंबरात नात झाली, रेवा. आणि फेब्रुवारीत माझी गाडी निळा धूर सोडायला लागली.

दस्तगीर आधी ट्रकचं काम करायचा. मोटारसायकलींकडे तो वळला तरी ट्रकवाल्याची सवय गेली नव्हती. माल भरून चढाला लावल्याशिवाय कुठलंही इंजिन दुरुस्त झालं असं तो मानायचा नाही. "लोड टाकल्याबिगर इंजिन खरं बोलत न्हाई," असं त्याचं म्हणणं. त्याने माझं इंजिन उघडलं, पिस्टन हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि मला दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे आहे तेच इंजिन ठेवायचं, सिलिंडर लेथवर बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून, त्यात मोठा पिस्टन बसवायचा. पहिल्यापेक्षा ताकद वाढेल, पण पिस्टनचा जोर चाकाकडे नेणारा आतला दांडा, म्हणजे क्रँक, जुनाच राहील आणि तो किती ताण घेईल याची खात्री नाही. दुसरा रस्ता म्हणजे अख्खं इंजिनच काढून टाकायचं आणि त्याच कंपनीचं वरच्या ताकदीचं बसवायचं.

"कंच्या रस्त्यानं जायचं ते तुमी एका गोष्टीवर ठरवा," तो म्हणाला. "एकट्यानं चालवायची का डबलशीट?"

मी म्हणालो, आता एकटा, मेमध्ये डबलशीट. मग त्याने सुचवलं, की आधी मोठा पिस्टन टाकून बघू. पाचशे किलोमीटर चाळीसच्या आत चालवा, नवा पिस्टन रुळू दे, तोवर मागे कुणाला घ्यायचं नाही. नंतर लोड टाकून घाट चढवू. चढली तर उत्तम, नाही तर अख्खं इंजिन.

"मागे घ्यायला आहे कोण?" मी म्हणालो. आम्ही दोघेही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ते पाचशे किलोमीटर मी रोज सकाळी धोमपर्यंत जाऊन परत असे तुकड्या-तुकड्याने भरून काढले. चाळीसच्या आत चालवणाऱ्या माणसाला सगळे ओलांडून जातात. दूधवाले जायचे, शाळेच्या रिक्षा जायच्या, एकदा तर लग्नाच्या वरातीतला ट्रॅक्टर गेला. मला घाई नव्हती. घरी जाऊन करायचं काय हा प्रश्नच होता. सकाळी कुकर लावायचा, त्यातलंच दुपारी आणि त्यातलंच रात्री, ओट्याशी उभं राहून, भांड्यातूनच. एकट्यासाठी ताट कशाला खराब करायचं? एक दिवस दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तेव्हा हिशेब केला, की मी दोन दिवसांत कुणाशी एक शब्दही बोललो नव्हतो. मला तिच्यावाचून अजिबात करमत नव्हतं. पण हे तिला सांगायचं म्हणजे नातीपासून तिला तोडायचं, आणि वर या वयात बायकोमागे लागल्यासारखं दिसायचं. मी सांगितलं नाही.

फोन रविवारी सकाळी यायचा. तिकडे शनिवार रात्र असायची, सगळे घरात असायचे आणि फोन स्पीकरवर ठेवलेला असायचा. तब्येत कशी, उत्तम. करमतं का, रेवा आहे ना. जेवता ना वेळेवर, हो तर. मग अजित हवापाणी विचारायचा, सून मधुरा नमस्कार सांगायची आणि रेवाच्या रडण्यात फोन संपायचा. इतक्या महिन्यांत शालन आणि मी असे दोघेच एकदाही बोललो नव्हतो. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तर त्या शनिवारी ते पोतं मागे बांधून मी बाजारातून निघालो. दस्तगीर त्याच्या स्कूटरवर मागून येत होता. ओळखीच्या दोघांनी विचारलं, काय साहेब, माल कुठे चालवलाय? मी हात हलवला. घाट सुरू झाला आणि पहिल्या वळणावर खड्डा आला, तेव्हा मी सवयीने म्हणालो, "धरून बस." म्हटल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. खांदा हलका होता. पाठीमागे वजन होतं आणि खांद्यावर काही नव्हतं.

तिसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. पहिल्या गिअरमध्येही पुढे सरकेना आणि इंजिनातून तापलेल्या तेलाचा वास यायला लागला. दस्तगीरने ती बंद करायला लावली, कान जवळ नेऊन निवणारं इंजिन ऐकलं आणि मान हलवली.

"एकट्याला ही राजा हाय साहेब, धा वर्षं बगायला नको. पर दोगांना न्हाई. वहिनी पन्नासच्या आत असत्या तर वडली असती. अठ्ठावन म्हंजे क्रँकवर अन्याव हाय."

साताऱ्याला त्याने एक इंजिन हेरून ठेवलं होतं. चौकट मोडलेल्या गाडीचं, पण कागदपत्रं चोख, आरटीओत नंबर बदलून मिळेल असं. तो माणूस मंगळवारपर्यंतच थांबणार होता. सोमवारी सांगतो, असं म्हणून मी पोतं गॅरेजमध्येच ठेवलं.

रविवारी फोन आला. आधी अजितच बोलला. शालनच्या मुक्कामाची मुदत आणखी सहा महिने वाढवायचा अर्ज तो करणार होता. "आईलाच राहायचंय बाबा. रेवाला सोडून पाय निघत नाही तिचा. तुमची काही हरकत नाही ना?"

मला काय वाटलं ते मी आज लिहू शकतो. हरकत होती. मी म्हणालो, "हरकत कसली? माझं मस्त चाललंय. गाडी आहे, गॅरेज आहे. तिला म्हणावं, निवांत राहा."

मग शालन फोनवर आली. तीही म्हणाली, "तुमचं चाललंय ना व्यवस्थित? मग झालं." मी विषय बदलून गाडीचं सांगितलं. दस्तगीरने तिच्या नावाचं वाळूचं पोतं केलंय, ते ऐकून ती हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिचं हसणं ऐकलं. मी विचारलं, तिथे वजनकाटा आहे का? दोन-चार किलो इकडेतिकडे झाले असतील तर दस्तगीरला सांगता येईल. अजित रेवाला घेऊन आत गेला होता. ती न्हाणीघरातल्या काट्यावर जाऊन आली आणि हळूच म्हणाली, "एकशे दोन."

"अगं, काटा बिघडलाय तुमचा. शून्यावर तरी आहे का बघ. मी असतो तर जप्तच केला असता."

"असेल," ती म्हणाली. पुन्हा थोडंसं हसली आणि फोन ठेवला.

सोमवारी गॅरेजवर जाताना मी ठरवलं होतं. आणखी सहा महिने एकटाच आहे, पुढचंही कुणी सांगावं. एकट्याला हेच इंजिन पुरे. मी दस्तगीरला तसं सांगितलं, वहिनींचा मुक्काम वाढलाय म्हणालो. त्याने फक्त "बरं" म्हटलं. वातावरण फार गंभीर व्हायला नको म्हणून मी काट्याचा किस्सा सांगायला घेतला. "अमेरिकेतला काटा, आणि वजन दाखवतोय एकशे..."

आणि मी थांबलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी आडगावच्या दुकानांतून पौंडाची जुनी वजनं जप्त करायचं काम माझ्याकडे होतं. लोखंडी ठोकळे, वर कडी. एक पौंड म्हणजे चारशे त्रेपन्न ग्रॅम आणि वर थोडं. अमेरिकेत अजून पौंडच चालतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिचा काटा बिघडलेला नव्हता. एकशे दोन पौंड म्हणजे शेहेचाळीस किलो आणि पाव.

मी आडत दुकानातला काटा मागितला. पोत्याची शिवण उसवली आणि शेहेचाळीस-पाव उरेपर्यंत वाळू घमेल्यात काढत राहिलो. दस्तगीर काय झालं म्हणून विचारत होता. घमेलं भरलं. ते मी दोन्ही हातांनी उचलून बघितलं. पावणेबारा किलो. एवढी शालन तिकडे कमी झाली होती आणि दर रविवारी मला "उत्तम" सांगत होती. काटा बिघडलाय म्हटल्यावर "असेल" म्हणाली होती. तिला माहीत होतं. माझा पट्टाही दोन भोकं आत गेला होता, आणि मीही दर रविवारी "हो तर" म्हणत होतो.

"बांध," मी दस्तगीरला म्हणालो. "परत चढवून बघू."

गाडी चढली. पहिलं वळण, तिसरं वळण, पुढचा उभा चढ, कुठेही कुरकुर न करता ती वर पोहोचली. कठड्याशी मी ती उभी केली. मागे ते पोतं, पाऊण भरलेलं, पट्ट्यांमध्ये ढिलं झालेलं, एका बाजूला कललेलं. मी कठड्यावर बसलो आणि भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांसमोर, मला रडू आलं. दस्तगीर मागून आला होता. तो दूर स्कूटरवरच बसून राहिला.

थोड्या वेळाने तो जवळ आला आणि म्हणाला, "चढली की साहेब. झालं काम. वहिनी आल्या तरी आता हेच इंजिन पुरतंय. दुसऱ्याची गरज न्हाई."

"दस्तगीर, साताऱ्याचं ते इंजिन घेऊन ये."

"आवो, पर चढली की."

"शेहेचाळीसला चढली. मला अठ्ठावन्नला चढणारी पाहिजे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे. खाली आल्यावर त्याने घमेल्यातली वाळू ओंजळीने परत पोत्यात भरली, एक कणही जमिनीवर सांडू न देता, आणि तोंड शिवून पोतं भिंतीशी उभं केलं.

संध्याकाळी साडेसहाला मी बाजारातल्या फोनच्या बूथवर गेलो. तिकडे सोमवारची सकाळ होती, मुलगा-सून कामावर गेलेले असणार. पहिल्याच घंटीला तिने फोन उचलला. माझा आवाज ऐकून घाबरलीच.

"अहो, तुम्ही? आज कसे? काय झालं?"

"काही झालं नाही. काटा बरोबर होता."

तिच्या मागे घरात कसलाच आवाज नव्हता.

"शालन, जेवतेस का तू?"

"सगळं आहे हो इथे," ती म्हणाली. "मधुरा करून ठेवते, आल्यावर विचारते. मी सांगते, जेवले. त्यांचा काही दोष नाही." मग म्हणाली, "रेवा निजली की ताट घेऊन खिडकीशी बसते. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. एकटीला घास उतरत नाही."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगणार? तुमचं मस्त चाललंय म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला सवय झाली."

चौतीस वर्षांच्या संसारात जे कधी बोललो नव्हतो ते मी त्या बूथमध्ये, दाराबाहेर दोन माणसं ताटकळत असताना बोललो. मी उभ्याने भांड्यातून जेवतो हे सांगितलं. दोन दिवस बोललो नाही म्हणून आवाज बसला होता तेही सांगितलं. "मला तुझ्याशिवाय करमत नाही. तू परत ये."

ती रडत होती हे मला ऐकू येत होतं. रेवाला टाकून कसं येऊ, असं ती म्हणाली, पण ते ती मला विचारत नव्हती, स्वतःलाच विचारत होती. मी म्हणालो, अजितशी मी बोलतो, तू काही बोलू नकोस. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने अगदी घरातल्या आवाजात विचारलं, "आणि गाडीचं कुठवर आलं?"

"अख्खं इंजिन बदलतोय. डबलशीटचं. तुझं वजन अठ्ठावन्नच धरायला सांगितलंय."

बाहेरच्या माणसाने काचेवर टकटक केलं, मी त्याच्याकडे पाठ केली.

"किती दिवस लागतील म्हणतो दस्तगीर?"

"आठ."

"आठ दिवसांत मला कुठलं तिकीट मिळायला," शालन म्हणाली. "त्याला म्हणावं, सावकाश कर."